सासू आधी दगड झाली

बसमध्ये पुढच्या बाकावर दोन तरुण मुली बसल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं कानावर पडू नये म्हणून पट्टीबाई खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे निदान तसा आव आणत होती. दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी ऐकायची हौस कुणाला नसते? एकीची मान खाली होती, दुसरी तिची समजूत घालत होती. "आमचं काय, त्या पठारावरच्या दगडांसारखं चाललंय," मान खाली घातलेली म्हणाली. "वर्षाला एक गहू." दुसरीने विचारलं, "म्हणजे सासूबाई अजून बोलत नाहीत?" तर ही म्हणाली, "परवा 'मीठ' म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. अर्धा गहू धर." दोघी खळखळून हसल्या. पट्टीबाईला मात्र उतरायचं भान राहिलं नाही. तिचा थांबा आला आणि गेला, पुढचाही गेला. शेवटी ती उतरली ती गावाबाहेरच्या आगारात, आणि छप्पन्नाव्या वर्षी, बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, कचेरीत चाळीस मिनिटं उशिरा पोचली.

कारण ते दगड आणि तो गहू ही सगळी तिची करणी होती. म्हणजे दगड तिचे नव्हते. ते कुणी उभे केले, कधी केले, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण त्यांच्यातली सासू, त्यांच्यातली सून आणि तो वर्षाचा एक गहू हे तिने एका दुपारी, भूक लागलेली असताना, छापील फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात बसवलं होतं. तिला कचेरीत सगळे पट्टीबाई म्हणत, कारण पर्समध्ये कंगवा नसला तरी स्टीलची फूटपट्टी हमखास असे. मोजणी खात्यात ती नकाशे काढायची. नदी एक मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी तिला जेवण जात नसे. अशा बाईने आयुष्यात एकदाच थाप मारली, आणि ती थाप आता बसमधून हिंडत होती, लोकांच्या तोंडी बसली होती. मनातल्या मनात तिला थोडं कौतुकही वाटलं, हे खोटं कशाला बोला. अर्धा गहू! हे तिलाही सुचलं नव्हतं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. लग्नाला वर्ष झालं होतं, आणि घरात नऊ महिने सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यांत चांगला उजेड देणारी खिडकी एकच. त्या खिडकीपाशी सासूबाईंचं शिवणयंत्र होतं. नवरा लवकर गेल्यावर त्या यंत्रावर गणवेश आणि पडदे शिवून त्यांनी मुलाला वाढवलं होतं. पट्टीबाईला कचेरीतून घरी आणलेल्या नकाशांसाठी उजेड हवा होता. एका सोमवारी सासूबाई बटणं आणायला बाहेर गेल्या, आणि हिने यंत्र ढकलत ढकलत मोरीजवळच्या भिंतीशी नेलं आणि खिडकीपाशी आपला नकाशे काढायचा फळा मांडला. विचारायला हवं होतं हे तिला यंत्राचं दुसरं चाक हलवतानाच कळलं होतं, पण अर्ध्यावर सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. सासूबाई आल्या, दारात थांबल्या, चपला काढल्या, बटणांची पुडी फळीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून अंधारात शिवायला बसल्या. चकार शब्द नाही. त्या दिवसापासून अकरा महिने नाही. मधे तिचा नवरा, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा शांत माणूस, या खोलीतून त्या खोलीत निरोप नेत असे. "आई विचारतेय, दूध घेतलं का." "सांगा त्यांना, घेतलं." आठ फुटांवर बसलेल्या आईला तो मान वळवून "घेतलं म्हणे" असं सांगायचा. त्याला दोघी आडून निरोप्या म्हणायच्या, आणि दोघींचं एकमत तेवढ्याच बाबतीत होतं.

पठारावरची मोजणी त्याच नवव्या महिन्यातली. दोन उभे दगड, एक उंच आणि सडसडीत, दुसरा बुटका आणि रुंद, दोघांची एकमेकांकडे पाठ. तिने जमिनीलगत साखळी टाकून अंतर घेतलं : अकरा फूट चार इंच. उंची घेतली, दिशा घेतली. मग रकाना चौदा आला : 'स्थानिक आख्यायिका, असल्यास'. 'असल्यास' असं लिहिलेलं असलं तरी रकाना रिकामा ठेवला की साहेब फॉर्म लाल पेन्सिलीची खूण करून परत पाठवत आणि पुन्हा पठार चढावं लागे. जवळच एक गुराखी होता. "या दगडांची काही गोष्ट आहे का हो?" तिने विचारलं. "दगड आहेत," तो म्हणाला. "ते दिसतंय. पण जुनी माणसं काही सांगत असतील ना?" त्याने बराच वेळ विचार केला. "आहेत ना दगड," तो म्हणाला आणि गुरांमागे गेला. साखळी धरणारा माणूस टोपी तोंडावर ओढून झोपला होता. उंच दगडाच्या सावलीत ती बसली, बुटक्या दगडाच्या रुंद पाठीकडे बघितलं आणि तिचं डोकं फिरलं. ही पाठ तिने कुठे पाहिली होती, हे काय सांगायला हवं? रोज संध्याकाळी पाहत होती, मोरीजवळच्या भिंतीशी.

मग हात थांबेना. एक सासू आणि एक सून सरपणाला निघाल्या. वाटेत भांडल्या. आधी तिने बोलावं, मग मी, असं दोघींनी ठरवलं आणि पाठी फिरवून उभ्या राहिल्या, त्या उभ्याच. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी दोघी एकेका गव्हाएवढ्या नव्हे, मिळून एका गव्हाएवढ्या जवळ सरकतात; टेकतील त्या दिवशी बोलतील. इथवर ठीक होतं. पण मग शेवटी तिने ते एक वाक्य लिहिलं, आणि लिहून झाल्यावर नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर हसू आलं. 'दोघींत सासू आधी दगड झाली, कारण तिला फारसे बदलावे लागले नाही.' पुढचा रकाना पंधरा, 'सांगणाऱ्याचे वर्णन व पत्ता'. वर्णन तिने ठोकून दिलं : 'शिवणकाम करणारी एक वृद्ध स्त्री.' पत्त्याशी मात्र हात अडला. गोष्ट खोटी लिहिता येते, पण जागा खोटी कशी लिहायची? जिथे जे नाही ते तिथे आहे असं नकाशेवाल्याने लिहायचं? तिच्याने ते होईना. शेवटी तिने आपल्याच घराचा पत्ता घातला, मजल्यासकट.

पुढे ती गोष्ट आपल्या पायांनी चालू लागली. कचेरीच्या पुस्तिकेत आली, तिथून कुण्या शिक्षकाने उचलली, वर्तमानपत्रात आली, पठारावर पाटी लागली. घरातला अबोला तर कधीच संपला होता. तोही कसा संपला हे धड सांगता येत नाही. तिला ताप आला होता, सासूबाई पलंगाशी आल्या आणि म्हणाल्या, "तोंड उघड." तिने उघडलं, आणि त्यांनी तापमापक जिभेखाली सरकवला. याला बोलणं म्हणायचं का, यावर ती तापात बराच वेळ विचार करत पडली होती. बरी होऊन उठली तेव्हा यंत्र आणि फळा खिडकीपाशी शेजारी शेजारी होते, थोडे तिरके, दोघांना पुरेल असे. त्यानंतर दोघी भरपूर भांडल्या, पण बोलून. बोलून भांडणं किती सुखाचं असतं हे ज्यांनी अबोला भोगलाय त्यांनाच ठाऊक. फक्त त्या अकरा महिन्यांबद्दल कुणी कधी अक्षर काढलं नाही. आणि पुस्तिका घरात येणार नाही एवढी काळजी पट्टीबाईने घेतली. सासूबाई आता त्र्याऐंशीच्या होत्या. अजून सुईत दोरा स्वतः ओवत, आणि ओवल्यावर आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघत. हिच्या नकाशांकडे मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. पट्टीबाईने तेही मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं, किंवा सोडलंय असं ती म्हणत असे.

उशिरा पोचलेल्या त्या मंगळवारी ती टेबलाशी बसते न बसते तोच फोन वाजला. दगडांवर पुस्तक लिहिणारे एक संशोधक बोलत होते, नाक चोंदलेलं. बत्तीस वर्षांपूर्वीच्या नोंदीवर तुमची सही आहे, म्हणाले, ती सांगणारी वृद्ध बाई आता हयात असणं कठीणच, पण त्या पत्त्यावर कुणी वारस तरी? पट्टीबाईच्या जिभेवर 'वारल्या' हा शब्द येऊन बसला. एवढा सोपा शब्द, एका दमात सगळं मिटलं असतं. पण ज्या बाईने सकाळी डब्यावरचं झाकण नीट लागलंय का ते दोनदा दाबून बघितलं, तिला दहा वाजता मारायची कशी? "आहेत," ती म्हणाली. संशोधकांना इतका आनंद झाला की त्यांना शिंक आली. पत्र टाकलंच आहे, ते म्हणाले, नोंदीची प्रतही जोडली आहे, शनिवारी चारला येतो. आणि एक गंमत सांगू का बाई, तुमच्या नोंदीत अंतर अकरा फूट चार इंच आहे. मी परवा मोजलं. दहा फूट आठ भरलं. आठ इंच कमी. बत्तीस वर्षं, बत्तीस गहू, चार गव्हांचा एक इंच. हिशोब चोख लागतो, बाई. दगड खरंच सरकतायत.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पट्टीवरच्या रेघांकडे बघत राहिली. दगड सरकत नाहीत. तेव्हा एक तर ती मोजताना चुकली होती, नाहीतर तिची थाप खरी झाली होती, आणि या दोन्हींतलं जास्त भयंकर काय हे तिला ठरवता येईना. चुकले असेन का? त्या दिवशी रागात होते, साखळी सैल राहिली असेल, तो टोपीवाला झोपेत असेल. आठ इंच! आठ इंच म्हणजे जवळजवळ वीतभर. ती चुकणारी नव्हती, एवढ्या एका गोष्टीवर ती बत्तीस वर्षं मान ताठ करून चालली होती. पण हे सगळं त्या पत्रापुढे काहीच नव्हतं. सासूबाईंच्या हातात ती प्रत पडणार, भिंग घेऊन त्या एकेक ओळ वाचणार, आणि शेवटी त्या वाक्याशी येणार. फारसे बदलावे लागले नाही. चोवीस वर्षांच्या एका चिडलेल्या पोरीचं वाक्य, पण खाली सही तिचीच. इतक्या वर्षांत दोघींनी मिळून जे उभं केलं, त्याला नाव काय द्यायचं तिला माहीत नव्हतं. पण ते तिला हवं होतं, अगदी हट्टाने हवं होतं, आणि ते या एका ओळीने जाईल अशी भीती तिला वाटली. पुन्हा ती पाठ बघायची तिची तयारी नव्हती.

बुधवारी तिने जाता-येता खालची पत्रपेटी पाहिली. रिकामी. गुरुवारी पेटीवर धूळ पुसल्याची बोटं होती. वर सासूबाई यंत्रापाशी बसल्या होत्या. "काही टपाल आलं का, आई?" तिने चपला काढता काढता सहज विचारावं तसं विचारलं. "विजेचं बिल," सासूबाई म्हणाल्या. बस्स. त्यानंतर जेवताना नाही, भांडी लावताना नाही, एरवी बातम्या लागल्यावर सबंध जगाला नावं ठेवणाऱ्या सासूबाई गप्प. नवऱ्याकडे तिने पाहिलं तर तो चष्मा पुसत होता, आणि तो चष्मा पुसायला लागला की त्याला काहीतरी माहीत असतं. सांगून टाकावं, तिने ठरवलं. दात घासताना पुन्हा ठरवलं. सकाळी उठल्यावर तर अगदी वाक्यच जुळवलं : आई, तेव्हा मी लहान होते. ते वाक्य घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, आणि सासूबाईंनी तिच्या हातात डबा दिला, झाकण दोनदा दाबून, काही न बोलता. वाक्य तसंच परत आलं. शुक्रवारी ती घरी आली तर दाराला कुलूप. त्र्याऐंशी वर्षांची बाई जाईल कुठे? दिवेलागणीला मायलेक आले, दोघांच्या चपलांना लाल माती. "चष्म्याचा नंबर बघायला गेलो होतो," नवरा म्हणाला. चष्म्याच्या दुकानाला जाणारा रस्ता पार तिथपर्यंत डांबरी होता, पण पट्टीबाईने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच नको होतं.

शनिवारी बरोबर चारला संशोधक आले. गोल चेहऱ्याचे, हातात रुमाल, खांद्यावर पिशवी. पट्टीबाईने दार उघडून 'या' म्हटलं, तो फोनवरचा आवाज ओळखून ते गोंधळले. "तुम्ही इथे कशा?" "मी सून," ती म्हणाली. ते जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले, पण फार खोलात जाणारा माणूस नव्हता, किंवा सर्दीने जाऊ दिलं नाही. त्यांनी कापड बेतायच्या टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र ठेवलं आणि सासूबाईंना म्हणाले, "आजी, आठवण ताजी व्हावी म्हणून मूळ नोंद वाचून दाखवतो." आणि त्यांनी वाचली. चोंदलेल्या नाकाने, सावकाश, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. नवरा चष्मा पुसत होता. पट्टीबाई उठून उभी राहिली. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "ती नोंद..."

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी संशोधकांकडे बोट केलं. "आधी मला यांना विचारू दे. तुम्ही माप कुठून घेतलंत?"

"कसलं माप, आजी?"

"पत्रात लिहिलंय ना तुम्ही. दहा फूट आठ. दगडाला टेप कुठे लावलात?"

"वर. म्हणजे डोक्याशी. उभ्याने टेप ओढायला बरं पडतं."

"लांबीचं माप वरून घेतात? उद्या पायजम्याचं माप गळ्यापासून घ्याल." त्यांनी शिवणयंत्राच्या खणातून आपला शिवणकामाचा टेप काढून टेबलावर टाकला. "मी काल जाऊन आले. हा होता धरायला, विचारा त्याला. साठ इंची टेप आहे माझा. जमिनीशी बसून लावला. दोनदा पुरा, आणि वर सोळा इंच. करा बेरीज."

संशोधकांनी ओठ हलवत बेरीज केली. "अकरा फूट चार."

"तेच. खालची जमीन भुसभुशीत झालीय, म्हणून डोकी झुकलीत दोघींची. पाय आहेत तिथेच आहेत. हिने लिहिलं ते बरोबर लिहिलं. हिचं माप चुकत नाही, ते तुमच्या पुस्तकात घाला."

पट्टीबाईला बसावंसं वाटलं आणि ती बसली, बेतलेल्या कापडावरच बसली, तरी कुणी तिला उठवलं नाही. ही बाई तिचं माप तपासायला गेली होती. पत्र वाचून, ते वाक्य वाचून, दोन दिवस गप्प राहून, त्या वयात पठार चढून ती जमिनीवर बसली होती, ती कशासाठी, तर सुनेचा आकडा कुणी परक्याने खोटा पाडू नये म्हणून. पट्टीबाईला एकदम खूप हलकं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आवरता येईना.

"आणि गोष्ट?" संशोधकांनी विचारलं. "ती तुम्हीच सांगितलेली?"

"माझीच आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "सासू आधी दगड झाली तेही खरं. तशीच होती ती. पण एक राहिलंय लिहायचं. काल मी तिच्यापाशी बसले होते बराच वेळ."

"दोन तास," नवरा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं बोलणं.

"पठारावर वारा एकाच बाजूने येतो. सासू त्या बाजूला आहे. तिच्या तोंडावर वाऱ्याने एवढाले खळगे पाडलेत, बोट जाईल असे. सुनेचा दगड मात्र गुळगुळीत. पाठ फिरवून उभी होती ते दिसलं सगळ्यांना. वाऱ्याकडे कोण होतं ते कुणी बघितलं नाही." त्यांनी चहाचा कप संशोधकांकडे सरकवला. "आता तिची एवढी बाजूही घ्यायला नको. रागावली होतीच ती. खिडकी गेली होती तिची."

"खिडकी?" संशोधक म्हणाले. "सरपणाला गेल्या होत्या ना?"

"त्याआधी," सासूबाई म्हणाल्या. "चहा घ्या, थंड होतोय."

संशोधक खूश होऊन गेले. दगड सरकत नाहीत याचं त्यांना थोडं वाईट वाटलं होतं, पण डोकी जवळ येतायत यावर त्यांनी समाधान मानलं. जिन्यावरून त्यांची शिंक तीन मजले ऐकू आली. नवऱ्याने दार लावलं आणि काही निरोप न्यायचा नसल्यामुळे तो आतल्या खोलीत गेला.

"आई," पट्टीबाई म्हणाली, "तेव्हा मी लहान होते."

"तू लहान होतीस," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी? मी किती वर्षांची होते गं तेव्हा?"

तिने मनात वजाबाकी केली. "एक्कावन्न."

"एक्कावन्न. आणि तू लिहिलंस काय? वृद्ध. दगड म्हणालीस, म्हण. होते मी. पण वृद्ध? माझा एक केस पिकला नव्हता. आता तू किती आहेस?"

"छप्पन्न."

"मग?"

पट्टीबाई आधी नाकातून हसली, मग तिला आवरेना, मग सासूबाईही हसायला लागल्या, टेबलाला धरून, डोळे पुसत. दोन दिवस त्या कशाने धुमसत होत्या तर या एका शब्दाने. नवरा आतून डोकावला, दोघींकडे बघितलं आणि पुन्हा आत गेला.

"नुसतं हसू नकोस. दुरुस्त करता येतं का ते तुमच्या कचेरीत?" सासूबाईंनी विचारलं. येतं, ती म्हणाली, दुरुस्तीपत्रक असतं. एक कोरं पत्रक तिच्या पिशवीत होतंच, असली कागदपत्रं घेऊन हिंडायची तिला सवय. तिने ते फळ्यावर ताणून बसवलं. रकाना चौदा : 'ही आख्यायिका जुनी नाही. आमच्या घरात झाली. मी लिहिली.' साहेब आता कुणी दुसरेच होते, आणि त्या बसमधल्या मुलीचं यामुळे काही अडणार नव्हतं. ती अर्धा गहू धरेलच. रकाना पंधरा आला. "'एक स्त्री' वगैरे नको," सासूबाई मागून म्हणाल्या. "मला नाव आहे." आणि तेव्हा पट्टीबाईच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिने ते नाव एकदाही लिहिलं नव्हतं, उच्चारलंही नव्हतं. आई म्हटलं की झालं. तिने टाक घेतला, डोंगर आणि मोठ्या नद्या यांच्यासाठी राखून ठेवलेली जाड अक्षरं काढायला घेतली, आणि ते नाव रकान्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकाही खाडाखोडीशिवाय लिहून काढलं.

सासूबाई भिंग घेऊन वाकल्या. आधी स्वतःचं नाव वाचलं, मग भिंग तसंच सरकवत फळ्याच्या कडेला लावलेल्या अर्धवट नकाशावर नेलं, रस्त्यांवरून, एका ओढ्यावरून, सावकाश, काही सुटू न देता. ओढा संपला तिथे त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"सुंदर काढतेस," त्या म्हणाल्या. "हे मला तेव्हाच म्हणायचं होतं."